नादेरचा उलटतपास

तेहरानमधल्या एका फ्लॅटच्या दारात वाद चाललाय. नादेर हा बँकेत नोकरी करणारा मध्यमवर्गीय माणूस. कामाला ठेवलेल्या रझियेला तो घराबाहेर जायला सांगतोय आणि ती हलत नाहीये. तिला दिवसाची मजुरी हवी आहे, आणि त्याहून जास्त, अंगावर आलेला चोरीचा आळ मागे घेतलेला हवा आहे. नादेर तिला ढकलतो आणि दार लावून घेतो. आपण प्रेक्षक दाराच्या आतच राहतो. नंतर ती जिन्याच्या पायऱ्यांवर दिसते, शेजारीपाजारी तिला सावरतायत. मग कळतं की बाई गरोदर होती आणि पोटातलं मूल गेलं.

असगर फरहादी यांचा हा 2011 सालचा इराणी चित्रपट ‘अ सेपरेशन’ या नावाने जगभर पाहिला गेला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला गोल्डन बेअर मिळालं आणि 2012 मध्ये इराणचं पहिलं ऑस्कर. बर्लिनच्या परीक्षकांनी अभिनयाची बक्षिसंही कुणा एकाला दिली नाहीत. एक सगळ्या नटांना मिळून दिलं, दुसरं सगळ्या नट्यांना मिळून. मला हा निकाल फार समजूतदार वाटतो. या गोष्टीतला मुख्य आरोपी कोण, हेच जिथे ठरत नाही, तिथे मुख्य नट कोण हे तरी कसं ठरवणार?

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. फौजदारी थोडी, दिवाणी पुष्कळ, आणि नवरा-बायकोची भांडणं न मोजता येण्याइतकी. चित्रपट बघायचं वेड पुण्यात आयएलएसला शिकताना लागलं, कारण त्याच लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्ह आहे आणि तिथला अंधार आमच्या वर्गांपेक्षा गार असायचा. हा चित्रपट मी माझ्या ज्युनियर मुलामुलींना मुद्दाम दाखवते. लॅपटॉपवर, ऑफिसचं शटर अर्धं ओढून. आणि दर वेळी संपल्या संपल्या पहिला प्रश्न तोच येतो: मॅडम, ती गरोदर आहे हे त्याला माहीत होतं की नव्हतं?

प्रश्न वकिलाचा आहे, आणि चित्रपटातल्या न्यायाधीशाचाही हाच आहे. माहीत असताना ढकललं असेल तर गुन्हा फार गंभीर होतो. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. गर्भातल्या मुलाचा मृत्यू आपण मनुष्यवधात धरत नाही, त्यासाठी निराळी कलमं आहेत. पण मनात डोकावायची कायद्याची पद्धत सगळीकडे सारखीच. दंड संहितेच्या 299 कलमात (1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं कलम 100) दोन शब्द आहेत, उद्देश आणि जाणीव. मरावा म्हणून केलं, की याने मरू शकतो हे ठाऊक असून केलं? हे दोन कप्पे. तिसरा, ‘ठाऊक होतं पण त्या घडीला डोक्यात नव्हतं’ असा कप्पा छापलेला नाही.

आमच्याकडे उलटतपास कसा उतरवला जातो ते सांगते. मी साक्षीदाराला विचारते, तुम्हाला हे माहीत होतं ना? तो म्हणतो, नाही हो, म्हणजे तसं कानावर आलं होतं, पण मी काही एवढं लक्ष दिलं नाही. एवढ्या सगळ्या बोलण्याचं कागदावर एक वाक्य होतं: ‘हे म्हणणे खरे नाही की, मला सदर बाब माहीत होती.’ ‘म्हणजे तसं’ आणि ‘एवढं लक्ष’ टंकलेखकाच्या बोटांतून गळून जातात. फरहादी यांनी काय केलं असेल, तर हे गळून गेलेले शब्द उचलून दोन तासांचा चित्रपट केला.

गोष्ट आधी नीट सांगते. नादेरची बायको सिमीन हिला देश सोडून जायचंय, व्हिसा हातात आहे, मुदत संपत आलीय. नादेरच्या वडिलांना अल्झायमर झालाय, त्यांना टाकून तो येणार नाही. मुलगी तेरमे अकरा-एक वर्षांची. सिमीन घटस्फोट मागते, मिळत नाही, ती माहेरी जाते. म्हाताऱ्याकडे बघायला म्हणून रझिये येते. पुण्यात घरोघरी ब्युरोकडून मावशी येतात, तशी. फक्त ही ब्युरोची नाही, ओळखीतून आलेली, लांबच्या वस्तीतून बस बदलत, सोबत छोटी मुलगी, आणि नवऱ्याला न सांगता. नवरा होजत चांभारकाम करायचा, आता बेकार आणि कर्जबाजारी.

एक दिवस म्हातारा घराबाहेर पडून रस्त्यापलीकडच्या पेपरच्या टपरीकडे जातो. रझिये धावत सुटते. दुसऱ्या दिवशी ती त्याला पलंगाला बांधून, घराला कुलूप लावून काही कामासाठी बाहेर जाते. नादेर लवकर घरी येतो, तर वडील खाली पडलेले, हात बांधलेला. त्यात खणातले पैसे कमी. पुढचं दारातलं भांडण वर सांगितलंच.

आता माहितीचा मुद्दा. या प्रसंगाच्या आधी स्वयंपाकघरात तेरमेच्या शिकवणीच्या बाई आणि रझिये यांचं सोनोग्राफीच्या डॉक्टरबद्दल बोलणं झालेलं असतं. नादेर तेव्हा घरातच, आसपास. चौकशीत तो सांगतो, मी ऐकलं नाही. शिकवणीच्या बाई त्याच्या बाजूने साक्ष देतात. पुढे तेरमेच त्याला पकडते: ऐकलं नव्हतं, तर बाईंनी डॉक्टरचा नंबर दिला हे तुम्हाला कसं कळलं? बाप हादरतो आणि कबूल करतो. त्याच्या सांगण्याचा आशय असा, की माहीत होतं, पण त्या क्षणी ते माझ्या ध्यानात नव्हतं, आणि कायद्याला असली भाषा कळत नाही.

इथे माझ्या ज्युनियरांमध्ये फूट पडते. निम्मे म्हणतात, कबुली आली, विषय संपला. निम्मे म्हणतात, पळवाट काढतोय. मी तिसरंच म्हणते: तो खरं बोलतोय. गॅसवर दूध ठेवलंय हे मला पक्कं माहीत असतं, आणि तरी मी खिडकीशी उभी असताना ते उतू जातं. तेव्हा मला कुणी शपथेवर विचारलं तर ‘माहीत होतं’ खरं, की ‘माहीत नव्हतं’ खरं? बाप जमिनीवर पडलेला बघून आलेल्या माणसाच्या डोक्यात त्या मिनिटाला एकच गोष्ट मावत असेल. पेमान मोआदी यांचा त्या प्रसंगातला चेहरा बघा. रझियेकडे बघतानाही तो तिला बघत नाहीये.

पण हे खरं असलं तरी त्याने तो सुटत नाही. याचं कारण ढकलण्याच्या आधीच्या मिनिटांत आहे. रझियेचं गरोदरपण त्याच्या ध्यानात राहिलं नाही, कारण ती त्याच्या ध्यानातच नव्हती. तिची चादोर, तिचा बसचा प्रवास, तिच्या मुलीचं दिवसभर परक्या घरात बसणं, यातलं काहीच त्याने मनावर घेतलेलं नाही. तो वाईट वागत नाही. सभ्य आहे, कामाची पद्धत समजावून सांगतो. आपल्या घरात काम करणाऱ्या माणसाबद्दल आपण किती ऐकतो आणि त्यातलं किती आत पोचतं, याचा हिशेब मांडायला मला माझ्याच घरात नको वाटतं.

एखाद्या पात्राच्या मनात काय होतं हे ठरवताना आपण त्याचे संवाद पुराव्यासारखे वापरतो. हा चित्रपट बघताना ती सवय जरा बाजूला ठेवावी लागते, आणि दिग्दर्शकाने आपल्याला कुठे उभं केलंय ते बघावं लागतं. पहिल्याच प्रसंगात नवरा-बायको थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. समोरचा न्यायाधीश दिसत नाही, नुसता आवाज. म्हणजे त्याच्या खुर्चीत आपल्याला बसवलंय. आपण खूश होतो, निकाल द्यायला मिळाला म्हणून. मग फरहादी सावकाश आपल्यापासून पुरावा लपवायला लागतात.

सगळ्यात मोठी लपवाछपवी रस्त्यावरची. म्हातारा टपरीपाशी, रझिये अलीकडे, मध्ये भरधाव गाड्या. आणि दृश्य तुटतं. पुढच्या दृश्यात सगळे घरी सुखरूप. आपल्याला वाटतं, बरं झालं, आणला बाबा घरी. खूप नंतर रझिये सांगते, की त्या वेळी तिला गाडीची धडक बसली होती, आणि मूल कशाने गेलं हे तिचं तिलाच ठाऊक नाही. चित्रपट खोटं बोललेला नाही. त्याने फक्त ते दाखवलं नाही, आणि आपण न दिसलेल्या जागी आपल्या सोयीचं चित्र भरलं. साक्षीदार हेच करतात. मी शेकडो पाहिलेत. त्यांना खोटं बोलायचं नसतं. दोन गोष्टी पाहिलेल्या असतात आणि मधली तिसरी मनाने भरलेली असते, आणि ती तिसरी ते सगळ्यात ठामपणे सांगतात.

खणातल्या पैशांचं तसंच, उलट बाजूने. तो पुरावा सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांसमोर ठेवलाय: सामान हलवणारे हमाल जास्तीचे पैसे मागतात आणि सिमीन खणातून नोटा काढून देते. काही सेकंदांचं काम. दुसऱ्यांदा चित्रपट बघणाऱ्यालाच ते दिसतं. ज्या आरोपावरून रझिये दारात अडून बसली, तो आरोप खोटा असल्याचा पुरावा आपल्याला देऊन झाला होता, आणि आपण तो नोंदवला नाही. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून डुलकी लागली म्हणा. पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही, की ज्याने ‘आता लक्ष द्या’ असं खुणावलं असतं.

नादेरच्या बाजूचा पुरावाही भरपूर आहे, तो मी दडवत नाही. बायकोने कोर्टात त्याला सांगितलं, की तू मुलगा आहेस हे तुझ्या वडिलांना कुठे कळतं? त्याचं उत्तर असं, की ते माझे वडील आहेत हे मला कळतं ना. तो वडिलांना स्वतः आंघोळ घालतो, आणि घालता घालता रडतो. घरात बाप म्हणून, मुलगा म्हणून तो शब्दाला जागणारा आहे. पैसे देऊन प्रकरण मिटवायला तो नकार देतो, कारण पैसे दिले म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. या ताठपणात स्वाभिमान किती आणि गर्व किती, हे मला सांगता येत नाही. बहुधा त्यालाही नाही.

माझा त्याच्यावरचा आरोप दुसराच आहे. ढकलणं एका झटक्यात झालं. ‘ऐकलं नाही’ हे खोटं घाबरून बोललं गेलं. मुलगी घरी, बाप अंथरुणावर, आपण आत गेलो तर यांचं काय, या भीतीने. असं खोटं माझे कितीतरी पक्षकार बोललेत आणि मी त्यांचं वकीलपत्र सोडलेलं नाही. पण तेरमेने पकडल्यावर तो काय करतो? तो तिला म्हणतो, तुला वाटत असेल तर मी जाऊन खरं सांगतो. ऐकायला किती उमदं! प्रत्यक्षात त्याने बापाला तुरुंगात पाठवायचं की नाही हा निर्णय अकरा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात बांधला. पुढे न्यायाधीश तेरमेला आत बोलावतात आणि ती बापासाठी खोटं बोलते. नंतर गाडीत ती रडते, तेव्हा हा शेजारी बसलेला असतो. मुलीला अभ्यासात अर्थ नीट समजला पाहिजे, पेट्रोलपंपावर उरलेले पैसे मोजून घेता आले पाहिजेत, म्हणून झटणारा हा बाप. तिला सत्याचं शिक्षण देता देता त्याने तिची पहिली खोटी साक्ष करवून घेतली. हे त्याने ठरवून केलं का? उद्देश नव्हता. जाणीव होती. निदान या वेळी मी कप्पा छातीठोकपणे सांगू शकते.

रझियेबद्दल लोक कमी वाद घालतात. गरीब, देवभीरू, बिचारी. मला ती चित्रपटातली सगळ्यात अवघड बाई वाटते. म्हाताऱ्याने कपड्यात लघवी केल्यावर ती धार्मिक सल्ल्याच्या नंबरवर फोन करून विचारते, परपुरुषाचे कपडे बदलले तर पाप लागेल का? आमच्याकडे या जागी हमखास हशा पिकतो, मग एकदम थांबतो. कारण फोन ठेवून ती ते काम करते. तिने नियम झुगारला नाही आणि म्हाताऱ्यालाही तसं ठेवलं नाही. विचारलं, परवानगी मिळवली, केलं. आणि हीच बाई त्याच म्हाताऱ्याला पुढे बांधून ठेवते. आदल्या दिवशी तो गाड्यांमध्ये शिरला होता, म्हणून बांधलं? की स्वतःच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून? दोन्ही. माणूस एका कारणाने वागतो ही समजूत आमच्या आरोपपत्रांनी पसरवली असावी.

धडकेची गोष्ट ती नवऱ्यापासून लपवते, न्यायाधीशापासून लपवते, आणि नादेरवर खटला चालू देते. म्हणजे तीही खोटंच बोलतेय, गप्प राहून. शेवटी पैशांवर समझोता ठरतो. होजतच्या घरी सगळे जमलेत, त्याची घेणेकरी मंडळीसुद्धा. नादेर चेक लिहितो आणि एकच अट घालतो: माझ्यामुळे मूल गेलं असं कुराणावर हात ठेवून सांग. रझिये उठून आत जाते. होजत गयावया करतो, घे शपथ, पाप माझ्या माथी. ती घेत नाही. मुलीच्या आयुष्यात काहीतरी वाईट होईल, ही भीती. होजत स्वतःच्याच तोंडात मारून घेतो, बाहेर जाऊन नादेरच्या गाडीची काच फोडतो.

हिंदी सिनेमात अजून गीतेवर हात ठेवतात. आपल्या कोर्टात सहसा पुस्तक नसतं, 1969 च्या कायद्याप्रमाणे नुसती तोंडी शपथ. ती पक्षकार घडाघडा म्हणून टाकतात. पण जेजुरीच्या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना बेलभंडार उचलायला सांगा. कोर्टात बिनदिक्कत फिरवाफिरव केलेला माणूस तिथे हात मागे घेतो, हे मी पाहिलंय, आणि त्यावर कोर्टाबाहेर वाद मिटलेलेही पाहिलेत. माझ्या एका ज्युनियरचं म्हणणं असतं, की रझिये खरं वागली ते सत्यासाठी नाही, भीतीपोटी. मग त्यात कसली नैतिकता? तिला बुद्धिवाद आवडतो, हरकत नाही. पण मला वाटतं, हिशेब किमतीचा करावा. नवऱ्याचं कर्ज फिटणार होतं, तुरुंग टळणार होता, समोर चेक लिहून तयार होता. रझियेने नकार दिला तेव्हा तिच्या हातून हे सगळं गेलं. बाकी सगळ्या खोट्या-खऱ्यात प्रत्येकाने काहीतरी वाचवलंय. गमावलं फक्त तिने. भीतीने का असेना.

आणि नादेरने ती अट घातली, तीही कशासाठी? त्याला सत्य हवं होतं, की देवभीरू बाईची नेमकी नस सापडली होती? सिमीनला तोवर धडकेचं कळलेलं होतं, रझियेनेच तिला सांगितलं होतं. मी होजतच्या घरातला तो प्रसंग परत परत बघते आणि नादेरच्या डोळ्यांत एकदा हे दिसतं, एकदा ते.

सिमीनवर सहसा अन्याय होतो. घर सोडून गेलेली बाई, हा शिक्का आपल्याकडेही तयार असतो. प्रकरण मिटवायला सगळ्यात आधी पैशांचा मार्ग तिने काढला, म्हणून तिला व्यवहारी म्हणतात. पण परदेशी जायचं म्हणणारी ही बाई जाते कुठे, तर आईकडे. मला वाटतं तिला थांबवलेलं हवं होतं. नादेर थांबवत नाही. तोंडाने ‘जा’ म्हणतो आणि कपडे धुण्याच्या यंत्राचं बटण कुठलं हेही त्याला धड माहीत नसतं.

शेवटी तेरमेने कुणाकडे राहायचं ते सांगायचंय. ठरलंय का, विचारल्यावर ती ठरलंय म्हणते. आईबापांना बाहेर बसवलं जातं आणि चित्रपट संपतो. ज्युनियर पैजा लावतात. त्यांना मी एकच विचारते, की त्या दृश्यात सगळ्यांनी कपडे कसले घातलेत? काळे. आजोबा गेलेत, हे कुणी बोलून दाखवत नाही. म्हणजे नादेरने देश न सोडण्याचं जे एकमेव कारण पहिल्या दृश्यात न्यायाधीशापुढे सांगितलं होतं, ते आता उरलेलं नाही. तरी घटस्फोट होतोय. कारण संपल्यावरही निर्णय तसाच राहिला, तर ते कारण पुरतं खरं नव्हतं, असा माझा युक्तिवाद. त्याला वडिलांना सोडायचं नव्हतं हे खरंच. पण बायकोपुढे नमायचंही नव्हतं, आणि वडील होते तोवर या दोन गोष्टी वेगळ्या करायची गरज पडली नाही.

माझे यजमान वकील नाहीत, शाळेत गणित शिकवतात. त्यांना हा युक्तिवाद मुळीच पटत नाही. व्हिसाची मुदत केव्हाच संपली असणार, ते म्हणतात, आता जायचा प्रश्नच कुठे आहे? आणि इतकं सगळं झाल्यावर दोन माणसं वेगळी होतात ती मूळ कारणाने होत नाहीत. मी म्हणते, हे तुम्ही नादेरच्या बाजूने बोलताय. ते म्हणतात, मी तेरमेच्या बाजूने बोलतोय.